वाडीच्या गोदामातून दिसलेला शेअर: वायरलेस तंत्रज्ञानातील गुंतवणूक कशी पारखावी

ऑक्टोबर २०२२ मध्ये एअरटेलने ज्या पहिल्या आठ शहरांत ५जी सेवा सुरू केली, त्यांत दिल्ली, मुंबई, बंगळूरु, हैदराबाद, चेन्नई, सिलिगुडी आणि वाराणसी यांच्या जोडीला नागपूरचेही नाव होते. त्या दिवसांत धरमपेठेतील चहाच्या टपरीपासून इतवारीतील पेढीपर्यंत एकच प्रश्न कानावर येत असे, की आता शेअर कोणता घ्यावा. प्रश्न स्वाभाविक होता, परंतु विचारणाऱ्या बहुतेकांनी एक गोष्ट गृहीत धरलेली होती: तंत्रज्ञान चालले की त्याचा शेअर चालणारच. पुढे सांगितलेली पद्धत हे गृहीत बाजूला ठेवून सुरू होते, कारण वायरलेस क्षेत्राचा आजवरचा इतिहास त्याच्या विरोधात साक्ष देतो.

मी नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार नाही. नागपुरातून टॉवरच्या साइटची कामे घेणाऱ्या एका ठेकेदाराचे हिशेब मी बारा वर्षे सांभाळले. मोबाइल कंपनी, उपकरणे पुरवणारी कंपनी, टॉवरची मालक कंपनी आणि आमच्यासारखा उपठेकेदार यांच्यामध्ये पैसा कसा फिरतो, कुठे अडतो आणि कोणापर्यंत पोचतच नाही, हे त्या काळात रोजच्या बिलांवरून दिसत गेले. खाली ज्या कंपन्यांची नावे येतात ती उदाहरणे आहेत. ती खरेदीची किंवा विक्रीची शिफारस समजू नये.

आधी जुने हिशेब

नवीन तंत्रज्ञानाचा शेअर हाती घेण्यापूर्वी जुन्या तीन-चार प्रकरणांचा शेवट काय झाला ते पाहून घ्यावे. मोटोरोलाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या इरिडियम या उपग्रह फोनच्या कंपनीने ६६ उपग्रहांच्या जाळ्यावर सुमारे ५ अब्ज डॉलर खर्च केले, नोव्हेंबर १९९८ मध्ये सेवा सुरू केली आणि ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे तिची मालमत्ता सुमारे अडीच कोटी डॉलरांना विकली गेली, म्हणजे रुपयाला अर्धा पैसा या भावाने. तंत्रज्ञानात खोट नव्हती. इरिडियमची सेवा आजही जहाजांवर आणि विमानांत वापरली जाते आणि तिची नवी कंपनी नॅसडॅकवर नोंदलेली आहे. पण उपग्रहांचे पैसे पहिल्या भागधारकांनी भरले आणि त्यांचे उत्पन्न दुसऱ्यांच्या हाती गेले.

क्लिअरवायर या अमेरिकी कंपनीने वायमॅक्स या वायरलेस इंटरनेटच्या तंत्रज्ञानावर पैज लावली होती. मार्च २००७ मध्ये तिचा शेअर २५ डॉलरांना बाजारात आला. दरम्यान जगातील बहुतेक मोबाइल कंपन्यांनी एलटीईचा, म्हणजे आजच्या ४जीचा मार्ग निवडला, आणि २०१३ मध्ये स्प्रिंट या अमेरिकी मोबाइल कंपनीने क्लिअरवायरचे उरलेले शेअर प्रत्येकी ५ डॉलरांना विकत घेतले. आपल्याकडे रिलायन्स कम्युनिकेशन्सचा शेअर जानेवारी २००८ मध्ये ८०० रुपयांच्या वर होता आणि २०१९ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. याच अकरा वर्षांत देशातील मोबाइल जोडण्या सुमारे २४ कोटींवरून ११५ कोटींच्या पुढे गेल्या, हे या उदाहरणात विशेष लक्षात घ्यावे, कारण बाजारपेठ पाचपट होऊनही भागधारकाच्या हाती काहीच उरले नाही.

कंपनी उत्तम असली तरी भाव चुकू शकतो. सीडीएमए या मोबाइल तंत्रज्ञानाचे पेटंट बाळगणाऱ्या क्वालकॉमचा शेअर १९९९ या एका वर्षात सुमारे २,६०० टक्क्यांनी वाढला. कंपनी पुढेही नफ्यात राहिली, तिचे पेटंट जगभर चालले, तरीही जानेवारी २००० मधील उच्चांकाला पोचलेला भाव पुन्हा दिसायला जवळजवळ वीस वर्षे लागली.

कंपनी साखळीत कुठे बसते

त्यामुळे पहिले काम तंत्रज्ञान समजून घेण्याचे नसून कंपनीची जागा समजून घेण्याचे आहे. वायरलेस क्षेत्रात एकाचा भांडवली खर्च हेच दुसऱ्याचे उत्पन्न असते, त्यामुळे एकाच बातमीने साखळीतील सर्वांचे भले होणे जवळपास अशक्य असते. ‘५जीचे शेअर’ अशी एकत्र यादी दिसली की ती कोणी केली आहे, याविषयी मला लगेच शंका येते.

साखळीच्या एका टोकाला मोबाइल कंपन्या असतात. २०२२ च्या ५जी लहरींच्या, म्हणजे स्पेक्ट्रमच्या लिलावात सरकारला १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली मिळाल्या, त्यांतील ८८,०७८ कोटींची बोली एकट्या जिओची होती. या रकमा वीस वार्षिक हप्त्यांत भरण्याची सोय असल्यामुळे त्यांचा भार ताळेबंदात कर्जासारखाच बसलेला असतो. आता दुसरी बाजू पाहावी. ५जी सुरू झाल्यानंतर जवळजवळ पावणेदोन वर्षे कंपन्यांनी त्यासाठी ग्राहकाकडून वेगळे पैसे घेतले नाहीत. उत्पन्न वाढले ते जुलै २०२४ च्या दरवाढीने, जी साधारण १० ते २५ टक्क्यांची होती. म्हणजे मोबाइल कंपनीचा शेअर पारखताना अँटेनाच्या गुणांपेक्षा दर वाढवण्याची ताकद आणि प्रति ग्राहक मासिक उत्पन्न यांना अधिक वजन द्यावे लागते. हा आकडा, ज्याला बाजारात आर्पू म्हणतात, कंपन्या दर तिमाहीला जाहीर करतात. मागील आठ तिमाह्यांचे आकडे कागदावर एकाखाली एक लिहिले, की ग्राहक वाढून उत्पन्न वाढले की दर वाढून, ते उलगडते.

टॉवरच्या मालक कंपन्यांचा धंदा भाडेकरूंवर चालतो. एका टॉवरवर एका मोबाइल कंपनीची उपकरणे असली तर परतावा बेताचा असतो, दोघांची असली की तो चांगला होतो. मात्र भाडेकरू अडचणीत आला तर मालकही अडचणीत येतो. इंडस टॉवर्सने डिसेंबर २०२२ च्या तिमाहीत एका मोठ्या ग्राहकाच्या थकबाकीपोटी मोठी तरतूद केली, म्हणजे बुडू शकणारी रक्कम आधीच खर्चात धरली, आणि त्या तिमाहीत ७०८ कोटी रुपयांचा तोटा दाखवला. पुढे वसुली होत गेली तशी तरतुदीची रक्कम नफ्यात परत येऊ लागली. जो केवळ नफ्याचा आकडा पाहत होता, त्याला पहिल्या वेळी कंपनी बुडाल्यासारखी वाटली असेल आणि दुसऱ्या वेळी ती एकाएकी भरभराटीला आल्यासारखी.

उपकरणे बनवणाऱ्या भारतीय कंपन्यांना अलीकडे दोन गोष्टींचे पाठबळ मिळाले: जून २०२१ पासून दूरसंचार उपकरणे विश्वसनीय स्रोताकडूनच घेण्याचे बंधन आले, आणि उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत या क्षेत्रासाठी १२,१९५ कोटी रुपयांची तरतूद झाली. तरीही या कंपन्यांच्या विक्रीत चढ-उतार फार मोठे असतात. तेजस नेटवर्क्सचे उत्पन्न २०२४-२५ मध्ये सुमारे ८,९२३ कोटी रुपये होते, ज्यात बीएसएनएलच्या ४जी जाळ्यासाठीच्या पुरवठ्याचा वाटा मोठा होता; त्या पुरवठ्याचा टप्पा ओसरल्यावर एप्रिल ते जून २०२५ या तिमाहीत ते सुमारे २०२ कोटींवर आले आणि तोटा झाला. ‘मागील वर्षी विक्री तिप्पट झाली’ एवढ्या वाक्यावर शेअर घेणाऱ्याला पुढच्या तिमाहीचा धक्का बसणे अटळ होते. एखाद्या ग्राहकाकडून १० टक्क्यांहून अधिक उत्पन्न येत असेल, तर वार्षिक अहवालातील विभागवार माहितीच्या टिपेत ते सांगणे कंपनीला बंधनकारक असते. ती टीप आधी शोधावी.

पेटंट आणि चिप यांची जागा सर्वांत सुखाची, कारण जाळे कोणी का उभारेना, परवान्याचे शुल्क येतच राहते. पण तिथेही मालकी कोणाची हे पाहावे लागते. नॉर्टेल ही कॅनडाची कंपनी जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि २०११ मध्ये तिची पेटंट ४.५ अब्ज डॉलरांना विकली गेली. पैसे धनकोंकडे गेले, भागधारक रिकाम्या हातानेच राहिले.

लहरींची परीक्षा

तंत्रज्ञानाची तपासणी अभियंता नसलेल्या माणसालाही बऱ्याच अंशी करता येते. तिच्यात दोन गोष्टी पाहायच्या असतात: मानक आणि लहरींचा पट्टा.

मोबाइलची मानके थ्रीजीपीपी ही संस्था टप्प्याटप्प्याने ठरवते. पहिला ५जी टप्पा, म्हणजे रिलीज १५, २०१८ मध्ये पूर्ण झाला, आणि रिलीज १८ पासून ५जी-अ‍ॅडव्हान्स्डची सुरुवात मानली जाते. ६जीसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२३ च्या अखेरीस केवळ चौकट मान्य केली असून व्यापारी सेवा २०३० च्या सुमारास अपेक्षित आहे. एखादी कंपनी आजच ६जीचा सामंजस्य करार झाल्याचे शेअर बाजाराला कळवत असेल, तर त्या करारात रक्कम, मुदत आणि खरेदीची बांधिलकी आहे का ते पाहावे. तिन्ही नसल्यास ती बातमी वाचून बाजूला ठेवावी. कंपनीचे उत्पादन मान्य मानकात बसते की स्वतःच्याच वेगळ्या पद्धतीवर चालते, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. वायमॅक्सचे तंत्रज्ञान निकामी नव्हते, पण मोठे ग्राहक दुसऱ्या मानकाकडे गेल्यावर हँडसेट आणि चिप स्वस्त होण्याचा फायदाही तिकडेच गेला.

लहरींच्या पट्ट्याचा अनुभव घरीच घेता येतो. आपल्याकडे ५जीसाठी प्रामुख्याने ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरला जातो. जिओने त्याच्या जोडीला ७०० मेगाहर्ट्झही घेतला. २६ गिगाहर्ट्झचा पट्टाही लिलावात विकला गेला. कंपनसंख्या जितकी उंच, तितकी माहिती वाहून नेण्याची क्षमता जास्त, परंतु पल्ला कमी आणि भिंतीतून आत शिरण्याची शक्तीही कमी. माझे एक नातेवाईक नागपूरच्या महाल भागातील जुन्या वाड्यात राहतात. गच्चीवर त्यांच्या फोनवर ५जीचा वेग डोळे दिपवणारा असतो आणि माजघरात, दोन हात जाडीच्या मातीच्या भिंतींआड, तोच फोन निमूटपणे ४जीवर येतो. २६ गिगाहर्ट्झच्या लहरींना तर झाडाची दाट पालवीसुद्धा अडथळा ठरते, आणि आमच्या रामदासपेठेत व सिव्हिल लाइन्समध्ये पालवीला तोटा नाही.

गुंतवणूकदाराने यातून काढायचा अर्थ असा, की उंच पट्ट्यावर विसंबलेल्या सेवेला साइट अधिक लागतात. साइट अधिक म्हणजे रेडिओ, लहान अँटेना आणि फायबर पुरवणाऱ्यांना काम अधिक, आणि मोबाइल कंपनीला तितकाच ग्राहक मिळवण्यासाठी खर्च अधिक. घरावर पांढरी पेटी बसवून वायफाय देणाऱ्या सेवेची सगळी गणिते याच प्रश्नावर उभी आहेत. एका मनोऱ्यावरून किती घरांना समाधानकारक वेग देता येईल आणि गर्दी वाढल्यावर तो टिकेल का, हे विश्लेषकांसोबतच्या तिमाही बैठकीच्या इतिवृत्तात शोधावे. तिथे कोणी ना कोणी ते विचारलेले असते.

उपग्रहातून थेट फोनला किंवा घराला जोडणी देणाऱ्या कंपन्यांबाबत तंत्रज्ञानाइतकाच परवान्याचा प्रश्न असतो. भारतात स्टारलिंकला दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. त्याआधी मे महिन्यात दूरसंचार नियामक ट्रायने उपग्रह सेवेच्या स्पेक्ट्रमसाठी समायोजित सकल महसुलाच्या, म्हणजे सरकारी शुल्क ज्यावर मोजले जाते त्या महसुलाच्या ४ टक्के शुल्क आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जादा, अशी शिफारस केली होती. शुल्काचा असा प्रत्येक टक्का कंपनीच्या नफ्यातूनच जातो. त्यामुळे ट्रायच्या शिफारशी आणि त्यांवर सरकारने घेतलेला निर्णय या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून नोंदवून ठेवाव्यात.

ऑर्डर, डिस्पॅच आणि वाडीचे गोदाम

इथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण माझे स्वतःचे पैसे याच जागी बुडाले.

नागपूरच्या पश्चिमेला अमरावती रस्त्यावर वाडी हा गोदामांचा आणि ट्रान्सपोर्टचा भाग आहे. विदर्भातील साइटचा बराच माल आधी तिथे उतरतो. एका वर्षी मे महिन्यात आमच्या ठेकेदाराच्या भाड्याच्या गोदामात रेडिओ युनिट आणि अँटेनांचे खोके छताला भिडले होते. माल गडचिरोली जिल्ह्यातील साइटसाठी होता, तिथल्या काही जागांना वनखात्याची परवानगी यायची होती, काही ठिकाणी पायाच भरलेला नव्हता, आणि पुढे पावसाळा लागला. ते खोके तिथे पाच महिने राहिले. प्रत्येकावर डिस्पॅचची तारीख छापलेली होती, आणि ती जवळजवळ सगळीकडे मार्चच्या शेवटच्या आठवड्यातील होती.

ज्या कंपनीचा तो माल होता, तिचे शेअर मी त्याच मे महिन्यात घेतले. मार्च तिमाहीचे निकाल झळकले होते, विक्री जवळजवळ दुप्पट झाली होती, वर्तमानपत्रात ऑर्डर बुकचा, म्हणजे हाती असलेल्या मागणीचा आकडा ठळक अक्षरांत होता. सकाळी मी गोदामात खोके मोजत होतो आणि दुपारी त्याच खोक्यांच्या जोरावर वाढलेला शेअर विकत घेत होतो, आणि या दोन गोष्टींचा संबंध माझ्या ध्यानातही आला नाही. पुढच्या दोन तिमाह्यांत विक्री निम्म्याहून खाली आली, कंपनीने खेळते भांडवल उभे करायला नवे शेअर काढले आणि भाव माझ्या खरेदीच्या एक तृतीयांशावर गेला. यात बेकायदा काही नव्हते. करारानुसार माल हस्तांतरित झाला होता, म्हणून विक्री नोंदवली गेली होती. पैसा मात्र आलेला नव्हता.

या धंद्यातील पैशाचा प्रवास असा असतो. मोबाइल कंपनी पीओ, म्हणजे खरेदीचा आदेश देते. माल डिस्पॅच होतो. साइट तयार झाली की उपकरणे चढवली जातात. साइट ऑन-एअर येते, म्हणजे तिच्यावरून सेवा सुरू होते. मग एटी, म्हणजे स्वीकृती चाचणी होते. चाचणी उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र मिळाल्यावर बिलाचा मोठा भाग सुटतो. आणि रिटेन्शनची, म्हणजे हमीपोटी राखून ठेवलेली रक्कम हमीचा काळ संपेपर्यंत अडकून राहते. कंपनीच्या सादरीकरणात पहिल्या पायरीचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरात असतो. आपल्याला शेवटच्या दोन पायऱ्या शोधायच्या असतात.

त्यासाठी वार्षिक अहवालातील येणे रकमांची टीप उघडावी. २०२१-२२ पासून कंपन्यांना येण्याचे वय सांगणारा तक्ता द्यावा लागतो: सहा महिन्यांपर्यंतचे, सहा महिने ते एक वर्ष, एक ते दोन वर्षे, असे टप्पे करून. दोन वर्षांपेक्षा जुनी रक्कम वाढत असेल तर कुठेतरी एटी अडलेली आहे किंवा ग्राहक देण्याच्या स्थितीत नाही, असे समजायला हरकत नाही. इतवारीतील धान्याचा व्यापारी गिऱ्हाइकाची उधारी दोन हंगाम ओलांडून गेली की पुढचे पोते उतरवत नाही. शेअर घेताना आपण तेवढीही सावधगिरी बाळगत नाही. याच टिपांच्या आसपास ‘बिल न केलेले उत्पन्न’ अशी एक ओळ असते, तीही येण्यातच मिळवावी, नाहीतर उधारी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

एक काल्पनिक कंपनी घेऊन हिशेब मांडू. वर्षाची विक्री ९०० कोटी, निव्वळ नफा ८० कोटी, येणे आणि बिल न केलेले उत्पन्न मिळून ६०० कोटी. ६०० ला ९०० ने भागून ३६५ ने गुणले की २४३ दिवस येतात, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे सरासरी आठ महिन्यांनी मिळतात. आता रोख प्रवाहाच्या पत्रकातील पहिला भाग, म्हणजे धंद्यातून प्रत्यक्ष आलेली किंवा गेलेली रोख पाहावी. तिथे ८० कोटींच्या नफ्यासमोर उणे १२० कोटी असतील, तर कंपनी स्वतःच्या ग्राहकाला बँकेच्या पैशाने माल वापरायला देत आहे. एका वर्षी असे झाले तर कारण समजून घ्यावे. सलग तीन वर्षे तसेच चालले असेल, तर मी पुढचे पान उलटत नाही.

संशोधनाचा खर्च हा आणखी एक कोपरा आहे. काही कंपन्या तो पूर्णपणे त्या वर्षीच्या खर्चात धरतात, काही त्याचा मोठा भाग ‘विकासाधीन अमूर्त मालमत्ता’ म्हणून ताळेबंदात ठेवतात. नियमांना दुसरी पद्धतही मान्य आहे, परंतु दोन कंपन्यांच्या नफ्याची तुलना करण्यापूर्वी दोघींचा खर्च एका मापाने मोजून घ्यावा लागतो.

भावात काय काय धरले आहे

याच काल्पनिक कंपनीचे बाजारमूल्य ९,००० कोटी आहे असे समजू, म्हणजे भाव नफ्याच्या सुमारे ११२ पट झाला. हे महाग की स्वस्त, असा वाद घालत बसण्यापेक्षा उलटा हिशेब करावा. मला पाच वर्षे दरसाल १५ टक्के परतावा हवा असेल, तर तेव्हा बाजारमूल्य दुपटीच्या किंचित वर, सुमारे १८,१०० कोटी हवे. धंदा तोवर स्थिरावलेला असेल, म्हणून बाजार तेव्हा नफ्याच्या ३० पट भाव देईल असे उदारपणे धरले, तर नफा सुमारे ६०३ कोटी लागेल. ८० वरून ६०३, म्हणजे दरसाल जवळजवळ ५० टक्के वाढ, आणि तीही सलग पाच वर्षे. विक्रीवर १० टक्के नफा सुटतो असे मानले तर विक्री ६,००० कोटींच्या वर जायला हवी. आता प्रश्न फार सोपा होतो: या कंपनीचे जे उत्पादन आहे, ते देशातील तीन खासगी मोबाइल कंपन्या आणि बीएसएनएल मिळून वर्षाला ६,००० कोटींचे एकट्या हिच्याकडून घेतील का? निर्यातीवर भिस्त असेल तर आज ती किती आहे?

त्यात नव्या शेअरचा भार मिळवावा. खेळत्या भांडवलासाठी कंपनीने मध्येच २० टक्के जादा शेअर काढले, तर त्याच परताव्यासाठी बाजारमूल्य सुमारे २१,७०० कोटी आणि नफा सुमारे ७२४ कोटी लागतो. उधारीचे दिवस आणि नव्या शेअरची शक्यता यांचे नाते असे थेट आहे.

भागधारकाचा वाटा कसा आटतो याचे सर्वांत मोठे उदाहरण व्होडाफोन आयडियाचे आहे. २४ ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने समायोजित सकल महसुलाच्या, म्हणजे एजीआरच्या व्याख्येचा वाद सरकारच्या बाजूने सुटला आणि कंपन्यांवर जुन्या वर्षांची थकबाकी आली. नंतरच्या मदत योजनेतून सरकारने देण्याच्या बदल्यात शेअर स्वीकारले: फेब्रुवारी २०२३ मध्ये १६,१३३ कोटींचे आणि एप्रिल २०२५ मध्ये ३६,९५० कोटींचे, ज्यामुळे सरकारचा हिस्सा सुमारे ४९ टक्क्यांवर गेला. कंपनी उभी राहिली, सेवा सुरू राहिली, पण जुन्या भागधारकाचा वाटा पूर्वीचा राहिला नाही. म्हणून ताळेबंदाखाली ‘संभाव्य देणी’ अशी जी टीप असते, ती या क्षेत्रात कंटाळा न करता वाचावी. एजीआरचा वाद वर्षानुवर्षे अशाच टिपांमध्ये होता.

प्रवर्तकांनी शेअर तारण ठेवले आहेत का, हे तिमाही संपल्यावर २१ दिवसांत प्रसिद्ध होणाऱ्या भागधारणेच्या तक्त्यात कळते. एखादा शेअर बाजाराच्या वाढीव देखरेखीच्या यादीत असेल तर तेही बाजाराच्या संकेतस्थळावर दिसते. या दोन्हींना पाच मिनिटे पुरतात.

परदेशी शेअर

पेटंट, चिप आणि उपग्रह यांतील अनेक नोंदणीकृत कंपन्या अमेरिकेत आहेत. रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांवरच्या प्रेषणावर, गुंतवणुकीसाठी असल्यास, २० टक्के कर आगाऊ गोळा केला जातो. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. लाभांशावर अमेरिकेत २५ टक्के कापले जातात, आणि आपल्या विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात एक शेअर असला तरी नोंद करावी लागते. एएसटी स्पेसमोबाइलसारख्या, खर्चाच्या मानाने उत्पन्न कमी असताना उपग्रह सोडत राहणाऱ्या कंपन्यांकडे पाहताना नफ्याच्या पटीला अर्थ नसतो. तिथे हाती किती रोख आहे, तिमाहीला किती खर्च होते आणि या हिशेबाने ती किती तिमाह्या पुरेल, हे भागाकार करून पाहावे. उत्तर चारपेक्षा कमी आले तर नवे शेअर निघणार असे धरूनच भाव ठरवावा.

दिनदर्शिकेवरच्या दोन खुणा

आपल्याकडील कंपन्या नफा-तोटा दर तिमाहीला जाहीर करतात, पण ताळेबंद आणि रोख प्रवाहाचे पत्रक सहामाही आणि वार्षिक निकालांसोबतच देणे त्यांना बंधनकारक आहे. जून आणि डिसेंबर तिमाहीच्या निकालांत त्यामुळे बहुधा विक्री दिसते, उधारी दिसत नाही. सप्टेंबर सहामाहीचे निकाल नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आणि मार्चचे वार्षिक निकाल मेच्या अखेरीपर्यंत यावे लागतात. माझ्याकडे या क्षेत्रातील आता चारच कंपन्या आहेत, आणि माझ्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नोव्हेंबर आणि मे या दोन पानांवर पेन्सिलीने खूण केलेली असते. त्या आठवड्यात एका संध्याकाळी चारही कंपन्यांचे येणे रकमांचे दिवस नव्याने काढून मागच्या आकड्याशेजारी लिहायचे, आणि ज्या कंपनीचे दिवस सलग दोन वेळा वाढले असतील तिचे बैठकीचे इतिवृत्त काढून एटी हा शब्द किती वेळा येतो ते पाहायचे, एवढे काम असते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वाडीच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागलेली दिसली, तर तो आकडा मी जरा अधिक काळजीने काढतो.